मोजायला मोजे

खाज मोठी हुशार असते. ताप आला तर माणूस गुंगीत पडून राहतो, पोट दुखलं तर गुडघे पोटाशी घेतो. खाजेत तो पूर्ण शुद्धीवर असतो आणि तरी कशातच नसतो. पुस्तक उघडावं, तर तिसऱ्या ओळीला डाव्या हाताची नखं उजव्या हातावर सुरू झालेली असतात. पान संपतं तेव्हा कळतं, आपण पान वाचलेलंच नाही.

त्या हिवाळ्यात मी बरंच काही वाचलं नाही.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेत टेस्टर होतो. बेंबळीच्या पुढं कच्च्या रस्त्यानं जायचं, तिथं आमचं गाव. धाराशिवला कॉलेज केलं होतं. एसटीच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबाद असायचं, माणसांच्या तोंडात मात्र धाराशिवच. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला दुधातलं पाणी ओळखायची नोकरी मिळाली याचं मित्रांना हसू यायचं. मला त्यात फार फरक वाटला नाही. दोन्हीकडे लोक सांगतात एक आणि भांड्यात निघतं दुसरंच.

बहात्तरच्या दुष्काळात गावानं खडी फोडली होती. तो दुष्काळ गेला आणि संस्था आल्या. सोसायटी होतीच, तिच्यामागून दुधाची आली, मग कुक्कुटपालनाची आली आणि कोंबड्या यायच्या आत बंदही पडली. पाऊस कमी आणि पाट्या जास्त, असं गावाचं रूप झालं होतं. दूध संस्था मात्र चालली. कोरडवाहू रानाचा भरवसा नसला तरी म्हशीचा होता.

सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघायची, कॅन भरून टेम्पोवर चढवायचे. टेम्पो धाराशिवला जायचा. मग मापं, बादल्या आणि रिकामे कॅन धुण्याच्या सोड्यानं घासायचे. त्यासाठी शिपाई नेमायचा ठराव एकमतानं मंजूर झाला होता. ठरावानं कॅन निघत नाहीत, म्हणून ते मी घासत असे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. माझ्या वडिलांना याच गावात ओंजळ करून, वरून पाणी घ्यावं लागलं होतं. छप्पननंतर आमची गल्ली बौद्ध झाली, पोरं शिकली, दोघं-तिघं नोकरीला लागले. पण साऱ्या गावाच्या दुधात माप बुडवणारा हात आमच्या गल्लीतला असणं, हे गावाला नवं होतं. ते दूध गाव पीत नव्हतं, ते पार मुंबईला जायचं, तरीही नवं होतं.

मला नेमण्याचं श्रेय चेअरमनचं. त्यांची कारणं दोन असावीत. लॅक्टोमीटर वाचता येणारे बाकीचे सगळे कुठल्या ना कुठल्या संस्थेत संचालक होते, हे एक. आणि भाषणात माझी सोय व्हायची, हे दुसरं. स्टेजवर मी 'आमचे पदवीधर बंधू' असायचो. ऑफिसात 'ए, हिकडं ये' असायचो.

दूध घालणाऱ्यांची एक रीत पडून गेली होती. किटली माझ्या हातात द्यायची नाही. कट्ट्यावर ठेवायची आणि अर्धं पाऊल मागं सरकायचं. मी उचलायची, मापायची, रिकामी पुन्हा कट्ट्यावर ठेवायची. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. दोन वर्षांत त्यांना सवय झाली होती आणि खोटं कशाला बोलू, मलाही. एक म्हातारी तेवढी किटली थेट हातात द्यायची. ती धनगराची. घरची मेंढरं होती आणि दोन म्हशी. तिला मी मावशी म्हणायचो. 'मला वाकाय येत न्हाय,' हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

तर खाज. दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं आणि हातांना पांढऱ्या रेघा पडल्या. पाऊस अर्धाच झाला होता, आडाला पाणी नव्हतं, सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. त्या पाण्यानं डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. रेघांच्या जागी मग चिरा आल्या, त्यांच्याभोवती लाल झालं, आणि बोटांच्या मागून मनगटापर्यंत खाज. दूध मापताना दोन्ही हात गुंतलेले. सगळं गाव रांगेत उभं आणि मी मनातल्या मनात हात खाजवतोय, असं चालायचं.

कुणीतरी म्हणालं, "टेस्टरला खरूज झाली."

खाज आणि खरूज यांत दोनच अक्षरांचा फरक. पण खाज एकट्याची असते आणि खरूज गावाची होते. दोन दिवसांनी चेअरमननी बोलावून घेतलं.

"हात दाव."

मी दाखवले. त्यांनी खुर्ची थोडी मागं घेतली.

"लोक बोलाय लागलेत. दुधाचा मामला हाय. धाराशिवला जाऊन ये. डागदरला म्हणावं, लवकर बरं कर, न्हाय तर मला दुसरी सोय बघावी लागंल."

दुसरी सोय म्हणजे त्यांचा भाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो दोनदा बारावीला बसून आला होता आणि ओट्यावर बसून माझं काम बघायचा.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, हातांकडे नाही. "काय काम करता?" हे त्यांनी विचारलं नाही, "कुठं राहता?" हे मात्र विचारलं. मी गल्ली सांगितली. त्यांनी चिठ्ठी लिहिली. औषधाला बाटली घरून न्यायची होती, ती मी नेली नव्हती. कंपाउंडरनं कुठली तरी जुनी दिली. औषध पांढरं, पातळ, आणि वास असा की म्हशीनं दावं तोडावं. मानेखाली सगळ्या अंगाला लावायचं, तीन दिवस आंघोळ नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी लावायचं, खाज असो वा नसो.

घरातले सगळे म्हणजे मी आणि बायको. लग्नाला वर्ष झालं होतं. आम्ही दोघं मानेपासून तळव्यापर्यंत पांढरे होऊन समोरासमोर बसलो.

ती म्हणाली, "माझ्या बापानं पदवीधर बघून दिलं. चुना लावून बसीवतील म्हणून कुणी सांगितलं न्हवतं."

"सरकारी खर्चानं लावलाय," मी म्हणालो.

"तुम्हाला झोंबत न्हाय का वो?"

झोंबत होतं. चिरांमध्ये ते औषध इतकं झोंबलं की पहिल्या दिवशी मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. तीन दिवसांनी आंघोळ केली तेव्हा हात कोरड्या तळ्याच्या गाळासारखे दिसत होते. बायकोला खाज आधी नव्हती, आता थोडी सुटली होती.

मग बायकोनं सूत्रं हातात घेतली. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारातून तिच्या भावानं तिला शनो आणून दिला होता. स्नो. आमच्याकडं डबीत भरलेलं जे जे पांढरं आणि वासाचं असेल, ते सगळं शनोच. डबीवरच्या बाईच्या अंगावर कुठं चीर नव्हती आणि तिनं आयुष्यात कॅन घासलेला दिसत नव्हता.

"गोऱ्या होतील हात," बायको म्हणाली.

"गोरे नकोत. गप्प बसलेले पाहिजेत."

लावल्या लावल्या गार वाटलं. दहा मिनिटांत तो कुठं गेला कळेना. मी धाराशिवच्या दुकानांत उभं राहून डब्या वाचायला लागलो. हे वाचन मात्र मन लावून व्हायचं. 'त्वचेत विरून जाणारे', 'तुकतुकीत कांती', 'कमळासारखी कोमलता'. एकीवर बदाम, दुसरीवर गुलाब, तिसरीवर नुसती एक बाई, तिरकी बघणारी. इतिहासाच्या पुस्तकात राजांना जितकी विशेषणं नसतील तितकी एका डबीला. सगळ्यांचा मोठा गुण म्हणजे त्या विरून जात. लावलेलं दिसू नये हीच ज्या मलमाची फुशारकी, ते माझ्या चिरांत काय थांबणार? हे कळायला मला तीन डब्या लागल्या. विरून जाताना ते हातातला उरलासुरला ओलावाही घेऊन जात होतं.

शनोचं प्रकरण संपलं ते चेअरमनच्या चहानं. गावात तेवढं त्यांच्याच चहाचं दूध संस्थेतून जायचं. एका सकाळी त्यांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "आज म्हशीनं गुलाब खाल्ला का रं?"

ओट्यावर हशा पिकला. भाचा सर्वांत जास्त हसला. मी हसलो नाही, कारण त्याच वेळी हात खाजत होते आणि सगळे हातांकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी चेअरमन कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. पांढरे सुती हातमोजे, दोन जोड्या. लग्नात बँड वाजवणारे घालतात तसले, मनगटाला बटण असलेले.

"मोजायला मोजे!" ते म्हणाले. आपला विनोद कळावा म्हणून पुन्हा म्हणाले, "मोजायला, मोजे. धाराशिवात असलं कुठल्या संस्थेत न्हाय. स्वच्छता म्हणत्यात ह्याला."

मी घातले. बाहेर आलो तेव्हा रांगेतलं एक पोरगं 'वाजवा की' म्हणालं. पण मोठी माणसं हसली नाहीत. त्यांना मोजे आवडले. इतके, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, लोक किटली हातात देताहेत.

कट्ट्यावर ठेवून मागं सरकणं थांबलं होतं. पाटलांच्या घरचा गडी, देवळाशेजारचे दोघे भाऊ, नेहमी दोन हात लांब राहणारे एक निवृत्त मास्तर, सगळे किटलीचा कान सरळ माझ्या मुठीत देत होते. पांढऱ्या कापडाच्या मुठीत. मी मोज्यांच्या आत बोटं एकमेकांवर घासत विचार करायचो, हे खरजेसाठी आहे की दुसऱ्या कशासाठी? खरजेसाठी असेल तर ठीक आहे, खरूज जाईल. दुसरं काही असेल तर त्याला कुठल्या डबीत औषध आहे?

मोज्यांत खाज वाढली. कापूस दिवसभर ओला, हात आत भिजलेले. मोजे काढले की वाऱ्यानं कातडी तडकायची.

त्या महिन्यात संस्थेच्या कामाला धाराशिवला गेलो होतो. बाजारात एका जुन्या अत्तारांचं दुकान होतं. फळ्यांवर बरण्या, त्यांत मुळ्या, बिया, फुलं. मी शिरलो तो औषधावर श्रद्धा होती म्हणून नाही, डब्या वाचायच्या संपल्या होत्या म्हणून. दाढी मेंदीनं रंगवलेले म्हातारे बसले होते. त्यांनी माझे हात धरले. गेल्या दोन महिन्यांत बायको सोडून कुणी धरले नव्हते. उजेडाकडे वळवले आणि बोटांच्या बेचक्यात बघितलं.

"घर में और किसकू?"

"कुणाला नाही. बायकोला औषधानं थोडी सुटली होती, गेली."

"खरूज होती तो बेचके में होती, घर में सबकू होती. ये खरूज नक्को बोलो. काम क्या करते?"

सांगितलं. सोड्याचं नाव काढल्यावर त्यांनी माझे हात असे सोडले, जणू सगळं समजलं.

"खुश्की है, मियाँ. सीधी खुश्की."

मला हसू आलं. निजामाच्या वेळच्या आमच्या जमिनीच्या कागदावर हाच शब्द होता. पाणी मिळणारी जमीन ती 'तरी', न मिळणारी 'खुश्की'. आमच्या सगळ्या तुकड्यांपुढं खुश्कीच लिहिलेलं. रानाचं नाव हातापर्यंत यायला एवढी वर्षं लागली होती.

"मग काय लावू?"

"खुश्की कू क्या होना? तरी होना." त्यांनी बरण्यांकडे बोटसुद्धा केलं नाही. "कुछ भी चिकना. खुशबू नक्को. हाथ गीले रहे तबिच लगाओ, पोंछ के सुखाओ मत. और वो सोडा छोडो."

दुकानदार असून काही विकलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

गावात येऊन आधी बाभळीच्या काठीला काथ्याचा बुचका बांधला. कॅन त्यानं घासायला लागलो, सोड्याचं पाणी हाताला लागेना. चिकटपणाचा प्रश्न मावशीनं सोडवला. संध्याकाळी ती किटली घेऊन आली. मी मोजे बदलत होतो, तेव्हा तिनं हात बघितले.

"आरं लेकरा, हे काय करून घितलंस?"

"खुश्की, मावशी."

"खुस्की तर खुस्की. मलम लाव की."

"कुठलं?"

"तुज्याच कपाटात हाय. तूच दिलंस मला."

कासेचं मलम. म्हशीच्या आचळांना चिरा पडू नयेत म्हणून संस्थेनं सभासदांना वाटायचे पिवळे डबे आणले होते. वर गाईचं चित्र. सभासदांना एकेक दिला होता, उरलेले वीसेक कपाटात, ठरावांच्या फायलींखाली. मीच ठेवले होते. मी मुलुखभर डब्या वाचत फिरत होतो आणि ही एक डबी वाचली नव्हती, कारण तिच्यावर बाई नव्हती, गाय होती.

"तुमी हाताला लावता?" मी विचारलं.

"आधी तिच्या सडाला, उरल्यालं हाताला. म्हस काय म्हणतीया? काय न्हाय."

डब्याच्या मागं बारीक इंग्रजी होतं. त्यात लोकरीतून काढलेलं तूप असतं असं लिहिलेलं सापडलं. मी मावशीला सांगितलं. तिला फार आनंद झाला.

"मंजी आमच्या मेंढराचंच की! तरीच. लोकर कातरायच्या दिसांत बाप्या मान्साचं हात बी बाळंतिणीवानी मऊ व्हत्यात."

घरी ओल्या हातावर मलम चोळलं. ते विरलं नाही. बसून राहिलं, जाड, पिवळं, जरा वासाचं. बायको लांबूनच म्हणाली, "गोठ्याचा वास येतुया. सकाळी चहा देऊ का पेंड घालू?"

पण त्या संध्याकाळी मी एका प्रकरणाची आठ पानं सलग वाचली.

तीन आठवड्यांत हात बरे झाले. अगदी मऊ नाही, पण चिरा बुजल्या, लाली गेली. मी मोजे धुऊन, घडी घालून चेअरमनच्या टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात पुढं केले.

"साहेब, बरे झाले. आता मोजे नकोत."

त्यांनी हात नीट बघितले. या वेळी खुर्ची मागं घेतली नाही. "झ्याक झालं," ते म्हणाले आणि मोजे माझ्याकडे सरकवले. "पण हे राहू दे."

"कशाला?"

"शोभतंय. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याचं मोठं साहेब येणारेत संस्था बघायला."

"साहेब गेल्यावर काढू?"

"बघू की. लोकास्नी बी बरं वाटतंय."

"हात तर बरे झाले."

"बरे झाले म्हणून काय झालं?" ते सहज बोलून गेले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तू शिकल्याला हायस. समदं बोलूनच दाखवाय पायजे का?"

दाखवायची गरज नव्हती. मी मोजे घेऊन बाहेर आलो. हात खाजत नव्हते आणि तरी बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. पदवी मिळाली तेव्हा मला वाटलं होतं, ओंजळीची गोष्ट वडिलांबरोबर संपली. आता वाटत होतं, ओंजळीला फक्त कापड शिवलं गेलंय. मी घरी सांगितलं, नोकरी सोडतो.

बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "सोडा. मंग गाव म्हणंल, खरूजच व्हती."

"मग काय, जन्मभर बँडवाल्यागत उभा राहू?"

"ते मला काय ठावं? शिकल्यालं तुमी."

दोघांनीही मला शिकलेला म्हटलं. मी मोजे खुंटीला अडकवले आणि जेवायला बसलो.

मोठे साहेब आले त्या सकाळी ओट्याला आंब्याची पानं होती. दूध घालणारे झाडून आले होते, कारण नंतर चहा आणि चिवडा होता. साहेबांना मोजे फार आवडले. "हा आदर्श आहे," ते म्हणाले. "मी तर म्हणतो, सगळ्या संस्थांनी हे करावं." चेअरमननी 'मोजायला मोजे' ऐकवलं. साहेब हसले. भाचाही हसला. मी पांढऱ्या मुठीत माप धरून उभा होतो.

रांगेत मावशीचा नंबर आला. तिनं किटली दिली, मी मापलं, आकडा सांगितला. ती हलली नाही.

"कमी हाय."

"बरोबर आहे, मावशी. तुमच्यासमोर मापलं."

"माप बराबर हाय. माज्या म्हशीचं दूध बी बराबर हाय." तिनं माझ्या हाताकडे बोट केलं. "हे प्यालं."

"काय प्यालं?" चेअरमननी विचारलं.

"हे मोजं. कापूस हाय न्हवं ह्यो? रोज माज्या दुधात भिजतंय. मंग दूध कुठं जातंय? साहेब, तुमी मोठं मानूस, तुमीच सांगा, कापूस दूध पितंय का न्हाय?"

साहेबांनी चेअरमनकडे बघितलं. "थोडंफार लागणारच, आजी," ते म्हणाले.

"थोडं का फार, ते पिळून बघा की."

चेअरमन म्हणाले, "अगं म्हातारे, काय लावलंस पाव्हण्यासमोर!"

"पिळ रं लेकरा," मावशी मला म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उजवा मोजा काढला. कट्ट्यावर चिवड्यासाठी आणलेली एक स्टीलची वाटी होती, तिच्यावर धरला आणि पिळला. सकाळपासून पन्नासेक किटल्या झाल्या होत्या. दूध धार धरून पडलं. मग डावा पिळला. वाटी अर्धी भरली.

मग ओट्यावर एकदम गलका झाला. देवळाशेजारचा थोरला भाऊ म्हणाला, "म्हंजे दोन महिने हेच चाललंय?" निवृत्त मास्तर पुढं झाले, चष्मा सावरून वाटीत बघितलं. ज्या दुधाची कुणाला कधी आठवण आली नव्हती, त्या वाटीतल्या दुधात प्रत्येकाला आपलीच म्हैस दिसायला लागली.

"काढून टाका हे खूळ!"

"बँड लावायचाय का दूध मापायचंय?"

"रोजचं एवढं, तर महिन्याचं किती?"

चेअरमननी हात वर केले. लोकांचा कल ओळखण्यात ते आयुष्यात कधी चुकले नव्हते. "सभासदांची इच्छा असल तर मोजे बंद," त्यांनी जाहीर केलं, आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "आमच्याकडं सगळं लोकशाहीनं चालतं."

मी ओले मोजे कट्ट्याच्या कडेला ठेवले. माझी बाजू कुणी घेतली नव्हती. माझ्या हातांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. कापूस दूध पितो, एवढंच त्या दिवशी सिद्ध झालं.

त्या संध्याकाळी मी मावशीला विचारलं, "तुमी मुद्दाम केलंत ना?"

"काय मुद्दाम?"

"मोज्याचं."

"दूध माजं न्हवतं का त्यात?" ती म्हणाली आणि किटली माझ्या उघड्या हातात दिली. तिला वाकता येत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी रांग नेहमीची होती. पहिला आला तो पाटलांच्या घरचा गडी. त्यानं माझ्या उघड्या हाताकडे बघितलं, किटली कट्ट्यावर ठेवली आणि अर्धं पाऊल मागं सरकला. अगदी पूर्वीसारखा. काल सकाळपर्यंत तो हातात देत होता.

मी किटली उचलली नाही. हात पुढं केला आणि थांबलो.

तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मागून कुणी म्हणालं, "काय झालं रं?" हाताला मलम लावलं होतं. ते विरलं नव्हतं, उन्हात चमकत होतं. खरं तर त्याच वेळी मनगटाशी बारीकशी खाज सुटली होती, पण मी हात हलवला नाही. रांग कट्ट्याच्या वळणापर्यंत गेली. वेशीवर टेम्पोचा भोंगा वाजला, दूध वेळेत चढलं नाही तर टेम्पो थांबत नसे, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"द्या की हातात!" मागून निवृत्त मास्तर ओरडले. "टेम्पो जाईल!"

गड्यानं किटली उचलली आणि तिचा कान माझ्या मुठीत दिला. माझ्या बोटांना त्याची बोटं लागली. त्यानं हात झटकन मागं घेतला आणि धोतराला पुसला, कारण मलम चिकट होतं. निदान त्यानं तसं म्हटलं.

"लई तुपकट हाय."

"आहे," मी म्हणालो आणि माप घातलं.

त्या दिवसापासून बहुतेकांनी हातात द्यायला सुरुवात केली. एकानं मात्र मी ती नोकरी करत होतो तोवर कधीच दिली नाही. तो रोज किटली कट्ट्यावर ठेवायचा, मी रोज हात पुढं करून थांबायचो, आणि रोज मागचा कुणीतरी ती उचलून माझ्या हातात द्यायचा. मोजे चेअरमन घेऊन गेले. त्यांची मोटारसायकल बरेच दिवस फार चकचकीत होती.